हुआन्हो ग्वार्निदोची 'ब्लॅकसॅड'ची पानं: एवढा प्रकाश जलरंगात येतो कुठून?

रेघोट्या_४११०११

स्पॅनिश चित्रकार हुआन्हो ग्वार्निदो यांची 'ब्लॅकसॅड' ही काळ्या बोक्या-गुप्तहेराची चित्रकथामाला डोळ्यांपुढे ठेवून आठ पानांची चित्रकथा जलरंगात करायला घेतली आहे. गोष्ट पुण्यातली आहे. कसबा पेठ, मंडई आणि एक जुना वाडा, बहुतेक प्रसंग रात्रीचे, आणि पात्रं सगळी प्राणी. चाचणीची दोन पानं रंगवून झाली आणि चार ठिकाणी अडलंय.

रंग मळकट होतात, खास करून सावलीत. नायक काळा बोका आहे, तो चेहरा न दिसता शाई सांडल्यासारखा दिसतो. प्राण्याचं डोकं माणसाच्या धडावर आणून चिकटवल्यासारखं वाटतं. आणि कागद चांगला ३०० जीएसएमचा, सुती आहे, तरी पाऊस सुरू झाल्यापासून त्यावर वॉश (पातळ रंगाचा थर) एकसारखा बसत नाही, बारीक गडद ठिपके उठतात.

शिवाय एक मूळ प्रश्न. त्यांच्याबद्दल बोलताना सगळे 'डिस्नेचा माणूस' एवढंच म्हणतात. त्यांच्या शैलीवर नेमका कशाकशाचा प्रभाव आहे आणि कामाचा क्रम काय ठेवावा? ब्रशचे नंबर, प्रमाणं, मापं यांसकट सांगितलंत तर फार उपयोग होईल.

---

जुनी_शाई

आधी कारकीर्द, कारण प्रभावाचं उत्तर तिथेच आहे.

ग्वार्निदो १९६७ सालचे, दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा प्रांतातले. चित्रकलेचं शिक्षण ग्रानादा विद्यापीठात. १९९०च्या सुमारास ते माद्रिदला एका ॲनिमेशन स्टुडिओत लागले आणि तिथे त्यांना 'ब्लॅकसॅड'चा लेखक भेटला, हुआन दिआस कानालेस. १९९३मध्ये ते पॅरिसजवळच्या माँत्रेयला डिस्नेच्या स्टुडिओत गेले. तिथे आधी लेआउट, मग ॲनिमेशन. 'टारझन'मधली (१९९९) सॅबोर ही मादी बिबट्या त्यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी, २०००च्या नोव्हेंबरमध्ये, दार्गो या फ्रेंच प्रकाशकाकडून 'ब्लॅकसॅड'चा पहिला भाग आला. एका मोठ्या मांजराला पडद्यावर चालवून झाल्यावर त्यांनी दुसऱ्याला कोट घातला, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरचे भाग २००३, २००५, २०१०, २०१३ आणि मग दोन खंडांतली एक मोठी गोष्ट २०२१ व २०२३ला. तेवीस वर्षांत सात पुस्तकं. मधे २०१९ला आलाँ एरोल यांच्या लेखनावर 'ले झँद फूर्ब' हे जाडजूड पुस्तक, केवेदोच्या १६२६च्या स्पॅनिश कादंबरीतल्या भामट्याला अमेरिकेत नेणारं. 'ब्लॅकसॅड'साठी अमेरिकेतल्या आयस्नर कॉमिक पुरस्कारांत रंगवलेल्या पानांसाठीचा सर्वोत्तम चित्रकाराचा मान २०११ आणि २०१३ला, आणि स्पेनचा राष्ट्रीय कॉमिक पुरस्कार २०१४ला, तो लेखक-चित्रकार दोघांना मिळून. माणूस स्पॅनिश, लेखक स्पॅनिश, पण पुस्तक आधी फ्रेंचमध्ये निघतं. कारण मोठ्या आकाराच्या, पूर्ण रंगीत अल्बमला वर्षानुवर्षं थांबून पैसे देणारा बाजार फ्रान्स-बेल्जियममध्ये आहे, स्पेनमध्ये तेवढा नाही. या संथ गतीमागे हेही कारण आहे, आणि ती गती पानात दिसते.

आता 'डिस्नेचा माणूस'. हे अर्धंच खरं आहे. लोकांना वाटतं डिस्नेकडून त्यांनी गोंडस चेहरे उचलले. चेहऱ्यांपेक्षा मोठी गोष्ट त्यांनी आणली ती लेआउट. ॲनिमेशनमध्ये लेआउटवाला प्रसंगाचा कॅमेरा ठरवतो. तो कुठे उभा, किती उंचीवर, मागे काय, प्रकाश कुठून येतो, पात्राला हलायला जागा किती, हे सगळं त्याच्याकडे. पात्र त्या जागेत नंतर येतं. 'ब्लॅकसॅड'चं कुठलंही पान घ्या, पात्रं हाताने झाका आणि फक्त खोली बघा. दिवा कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येतं. हे ज्याला जमलं त्याचा निम्मा रंग झाला.

दुसरा प्रभाव चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन गुन्हेपटांचा, म्हणजे फिल्म न्वारचा. पडद्यांच्या पट्ट्यांची सावली, खालून येणारा दिवा, धूर. तिसरा, माझ्या मते, अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचा. रिकाम्या खोलीत तिरका पडलेला उजेड आणि त्यात एकटा माणूस, हे त्यांच्या शांत चौकटींमध्ये वारंवार दिसतं. आणि चौथा फ्रँको-बेल्जियन अल्बमचा. पान दाट असतं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बिनमहत्त्वाच्या पात्रालाही पूर्ण चेहरा मिळतो.

तुम्हाला न्वारचा प्रकाश शिकायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पन्नाशीच्या दशकात गुरुदत्तचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी टिपलेले कृष्णधवल हिंदी चित्रपट लावा, कुठेही थांबवा आणि तीनच छटांत टिपण करा. रोज दहा टिपणं, दोन आठवडे. चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडला आहे, तिथे जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर लागला की कागद घेऊन जा.

---

ओला_वॉश

वरच्या प्रतिसादात लेआउटचं जे म्हटलंय तोच मुद्दा रंगात पुढे नेतो. ग्वार्निदोंचं पान बघून आपण रंग शोधायला लागतो आणि तिथेच फसतो. त्या पानात आधी गडद-फिकट ठरलेलं असतं. तुमचा मळकटपणा आणि शाई सांडल्यासारखा बोका हे एकाच चुकीचे दोन चेहरे आहेत: सावली कुठे संपते हे ब्रश हातात घेतल्यावर ठरवलं जातंय. मग थरावर थर चढतो आणि कागद हार मानतो.

क्रम असा ठेवा.

प्रत्येक पानाचं ६ × ८ सेंमीचं टिपण, पेन्सिलीने, तीन छटा फक्त: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. चौथी छटा वापरायची नाही. पान हात लांब करून बघा. कुठल्या चौकटीकडे डोळा आधी जातो? ती महत्त्वाची नसेल तर टिपण फेकून दुसरं करा. एका पानाला चार-पाच टिपणं सहज लागतात आणि त्याला फार तर तासभर जातो.

मग ९ × १२ सेंमीचं रंगटिपण, वेगळ्या, उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर. यात चेहरे नकोत, फक्त रंगाचे डाग. ग्वार्निदोंच्या अशा रंगचाचण्यांचं वेगळं पुस्तकच निघालेलं आहे, मिळालं तर अवश्य बघा. तयार पानापेक्षा त्यातून जास्त शिकता येतं. प्रसंग बदलला की प्रकाशाचा मुख्य रंग बदलायचा, हे त्यांच्याकडून घ्यायचं. दुसऱ्या भागात बर्फ आणि करडी थंडी, पाचव्या भागात टेक्ससचं कोरडं पिवळं ऊन. भाग उघडला की हवामान कळतं. तुमच्या आठ पानांत तीन प्रसंग असतील तर तीनच मुख्य रंग ठरवा. मंडईतल्या बल्बचा नारिंगी-पिवळा, रस्त्यावरचा निळसर करडा, वाड्याच्या आतला मातकट हिरवा, असं काहीतरी. आणि गोष्टीचा काळ आधी नक्की करा. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आल्यावर पेठेतल्या रात्रीचा रंगच बदलला आहे.

आता मळ. कारणं साधारण ठरलेली असतात. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग. किंवा खालचा थर वाळायच्या आत वरचा थर: वरून कोरडा दिसतो, आत ओल असते, ब्रश खालचा रंग उचलतो. तपासायला हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा, गार लागलं तर वाळलेलं नाही. पुण्यात मे महिन्यात पाच मिनिटांत वाळणारा वॉश जुलैत अर्धा तास घेतो. ड्रायर वापरायचा तर पाण्याची चमक गेल्यावर, हातभर लांबून. चमक असताना वारा मारलात तर पाणी ढकललं जातं आणि वाळताना फुलकोबीसारखी कड उठते. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक फक्त रंगात पाणी घालायला. हे सगळे सांगतात आणि रात्री अकराला सगळे विसरतात.

सावलीसाठी ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, साधारण दोनास एक घेतला तर थंड गडद, एकास एक घेतला तर तटस्थ. सिएना वाढवला की वाड्याच्या लाकडाचा उबदार गडद येतो. आठही पानांच्या सावल्या या दोनच रंगांतून काढल्यात तर पानं आपोआप एका घरातली वाटतात.

दाटपणा मोजायला चहा, दूध, साय, लोणी ही मापं ठेवा. पहिला थर चहाएवढा पातळ, दुसरा दुधाएवढा, तिसरा सायीएवढा. लोणी फक्त शेवटच्या चार ठिपक्यांना. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून गडद लावताना डोळ्याला थोडा जास्तच वाटला पाहिजे. तिथे हात आखडला की पुन्हा थर द्यावा लागतो, आणि मळ तिथूनच येतो.

आता तुमचा बोका. ग्वार्निदोंचा ब्लॅकसॅड काळा आहे म्हणतो आपण, पण त्याचं नाक-हनुवटीकडचं तोंड पांढरं आहे. हा पांढरा भाग नुसता सजावटीसाठी नाही. अंधाऱ्या चौकटीत ओठ, दात, बोलणं दिसायला तीच एक जागा आहे. तुमच्या बोक्याला असं काही दिलं नसेल तर आजच द्या: गळ्याखाली पांढरं, कपाळावर टिकली, एका भुवईवर चट्टा, काहीही.

डोकं साधारण ५ सेंमीचं धरून रंगवायचा क्रम सांगतो. दिवा डावीकडून, बल्बचा.

१. डोळ्यातली चमक, तोंडाचा पांढरा भाग आणि उजव्या कानाच्या कडेची एक बारीक रेघ कोरी सोडा. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) लावायचं असेल तर जुन्या ब्रशने, आणि लावल्या दिवशीच काढा. पावसाळ्यात राहिलं तर कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं.

२. बाकी डोकं पाण्याने ओलं करून डावीकडून यलो ऑकर आणि चिमूटभर सिएना, उजवीकडून अल्ट्रामरीन, दोन्ही चहाएवढे. मधे आपोआप मिसळू द्या, ब्रशने घासू नका. नंबर ८चा गोल ब्रश पुरे. पूर्ण वाळू द्या.

३. आता गडद मिश्रण, दूध ते साय. भुवईखाली, गालाच्या हाडाखाली, कानाच्या आत, मानेकडे. पहिल्या थराचा चौथा भाग तरी उघडा राहिला पाहिजे. इथेच काळा प्राणी 'काळा' दिसतो आणि चेहराही राहतो. डोक्याच्या आकारात खरा गडद निम्म्याच्या आसपास, त्यापुढे नाही.

४. बुबुळ, नाकपुड्या, ओठांची फट, हनुवटीखालची सावली: लोणी, नंबर २चा ब्रश.

५. केस सगळीकडे काढायचे नाहीत. कडेला, प्रकाश आणि सावली जिथे भेटतात तिथे, कोरड्या ब्रशचे पाच-सहा फटके. बाकी केस वाचणारा स्वतः भरतो.

६. मिशा शेवटी, पांढऱ्या पोस्टर कलरने किंवा ग्वाशने, लांब केसांच्या रिगर ब्रशने, खांद्यातून हात फिरवून. एकदाच.

रेघ शाईने काढणार असाल तर ती जलरंगाच्या आधी आणि वॉटरप्रूफ शाईनेच, आणि वर पाणी घालण्याआधी एक रात्र जाऊ द्या. बाटलीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी आधी तुकड्यावर ओल्या बोटाने घासून बघा.

---

कागदी_वाघ

ठिपक्यांबद्दल. रंगाचा दोष नाही, कागदाचं सायझिंग गेलंय.

चांगल्या जलरंगी कागदाला खळीसारखा एक थर दिलेला असतो, बऱ्याच सुती कागदांना जिलेटिनचा. त्यामुळे पाणी वर थांबतं आणि तुम्हाला वॉश फिरवायला वेळ मिळतो. कागद दमट जागी राहिला की हा थर जागोजागी खराब होतो, बुरशी त्यावरच वाढते. तिथे कागद टीपकागदासारखा रंग पितो आणि गडद ठिपका पडतो. कोऱ्या कागदावर हे दिसत नाही, म्हणून लोक रंगाला नाहीतर ब्रशला दोष देतात.

तपासणी: कागदाच्या तीन-चार ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब ठेवा. थेंब फुगून मिनिटभर बसला तर कागद ठीक. लगेच पसरून डाग पडला तर गेला. दुकानातून जुना साठा उचलताना हे करता येत नाही, पण कोपऱ्याचा छोटा तुकडा मागून घेता येतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास सुटे ताव मिळतात तिथे वरचा ताव न घेता गठ्ठ्याच्या मधला मागा.

गेलेला कागद वाचवता येतो. १०० मिली थंड पाण्यात २ ते ३ ग्रॅम साधं, बिनसाखरेचं, बिनवासाचं खायचं जिलेटिन पंधरा मिनिटं भिजवा. मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू नका, उकळल्याने त्याची पकड जाते. कोमट असताना दोन इंची मऊ, चपट्या ब्रशने ताव आधी एका बाजूने, वाळल्यावर दुसऱ्या बाजूने. आडवा ठेवून पूर्ण दिवस वाळवा. हे ऊन असलेल्या दिवशीच करा. ओला जिलेटिनचा थर सर्द हवेत दोन दिवस राहिला तर त्यालाच बुरशी येईल आणि होता तोही कागद जाईल. तीन ग्रॅमच्या पुढे गेलात तर उलटी अडचण: कागद चकचकीत होतो आणि रंग वर तरंगतो, पकडत नाही.

बुरशीचे पिवळे-तपकिरी ठिपके डोळ्यांना दिसत असतील तर तो ताव रंगटिपणांसाठी ठेवा, पानासाठी नको.

साठवण: झिप असलेल्या मोठ्या प्लास्टिक पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. दाणे रंग बदलणारे असतील तर बदलल्यावर ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. कपाटाचा खालचा कप्पा आणि बाहेरच्या भिंतीला लागलेली बाजू टाळा. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं.

मापाचंही सांगतो, कारण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. फ्रेंच अल्बमचं पान साधारण २४ × ३२ सेंमीचं. इम्पिरियल ताव २२ × ३० इंच, त्याचा अर्धा म्हणजे साधारण ३८ × ५६ सेंमी. त्यावर ३६ × ४८चं पान बसतं, बरोबर दीडपट. टेप लावायला कडा राहते. तुम्ही ए-४वर छापणार असाल तर दीडपट म्हणजे ३१.५ × ४४.५, तेही याच तावात बसेल. छापील मापातच रंगवू नका. दीडपट काढून लहान केलं की ब्रशचा थोडा हललेला हात झाकला जातो आणि पान घट्ट दिसतं. दुपटीच्या पुढे जाऊ नका, बारीक रेघा छपाईत मरतात.

३०० जीएसएमचा अर्धा ताव नुसत्या टेपने धरतो, पण मोठे ओले वॉश असतील तर फुगतो. फुगवटा नको असेल तर ताव दहा मिनिटं पाण्यात बुडवून प्लायवर चारही बाजूंनी गमटेपने चिकटवा आणि रात्रभर आडवा ठेवा. खरखरीत रफ कागद चेहऱ्यांना त्रास देतो, गुळगुळीत हॉट प्रेसवर वॉश घसरतो. अशा कामाला कोल्ड प्रेस, बारीक दाण्याचा.

---

रेघोट्या_४११०११

थेंबाची तपासणी केली. पाचपैकी तीन ताव गेलेले निघाले, ते टिपणांना काढून ठेवले. बोक्याच्या हनुवटीला पांढरं दिलं, फरक लगेच दिसतोय. डोकं आणि धडाच्या सांध्याबद्दल कुणी सांगेल का? आणि कुठला प्राणी कुणाला द्यायचा, हे ग्वार्निदो कसं ठरवतात? माझ्याकडे एक सावकार, एक फौजदार, एक बातमीदार आणि वाड्याची मालकीण आहे.

---

शेकरू_भीमाशंकर

सांध्याचं कारण शरीररचनेत आहे. माणसाची मान कवटीला खालून लागते, मांजर-कुत्र्याची मागून. आपण सरळ मानेवर प्राण्याचं डोकं ठेवतो तेव्हा ते बरणीच्या झाकणासारखं बसतं. मान थोडी पुढे झुकवा, पंधरा-वीस अंश, आणि डोक्याचा मागचा भाग खांद्यांच्या रेषेत येऊ द्या. मग उरलेला सांधा कपड्याने झाका. 'ब्लॅकसॅड'मध्ये कोटाच्या उभ्या कॉलरी, टाय आणि मफलर एवढे का आहेत याचं निम्मं उत्तर काळ आहे आणि निम्मं हे. तुमच्याकडे उपरणं, जाकिटाची बंद कॉलर, डोक्यावरून घेतलेला पदर आहे. पदर तर सांधा पूर्ण खाऊन टाकतो.

टोपीला मात्र आधी विचार करा. प्राण्यांचे कान वर असतात. गांधी टोपी दोन कानांच्या मधे बसवावी लागते, फेट्यातून कान बाहेर काढावे लागतात आणि चष्म्याच्या काड्या कुठे जातात याचं उत्तर पहिल्याच पानावर द्यावं लागतं. एकदा ठरवलं की आठही पानं तेच.

नाक-तोंड खऱ्या प्राण्याच्या दोन-तृतीयांश लांबीचं ठेवा, नाहीतर बोलताना ओठ वळत नाहीत. शाकाहारी प्राण्यांचे डोळे बाजूला असतात, ते थोडे पुढे ओढा, म्हणजे समोरून बघताना दोन्ही दिसतील. भुवया रंगाच्या पट्ट्याने सुचवा. हात माणसाचे ठेवा, फक्त त्यावर केस आणि नखं. सिगारेट, विडी, किल्ली, पिस्तूल, सगळं हातानेच धरायचं आहे. उंचीत फरक ठेवा पण दाबून ठेवा. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या पात्रात एकास दीडपेक्षा जास्त फरक केलात तर दोघं एका टेबलाशी बसू शकत नाहीत.

प्राण्याची निवड. त्यांचा पोलीस अधिकारी स्मिरनोव्ह जर्मन शेफर्ड आहे, बातमीदार वीकली हा वीझल, म्हणजे मुंगसासारखा सडपातळ प्राणी, पहिल्या भागातला गर्भश्रीमंत स्टॅटॉक हा बेडूक, तिसऱ्यातला अणुशास्त्रज्ञ घुबड. त्याच भागातला सिनेटर गालो कोंबडा आहे, आणि स्पॅनिशमध्ये 'गालो' म्हणजे कोंबडाच. या निवडींत एक सूत्र दिसतं. प्राणी स्वभावाचं नाव सांगत नाही, तो त्या माणसाचं शरीर सांगतो. बेडकाची बसकण, कोंबड्याची मान, घुबडाचं न हलता बघणं. म्हणून सावकाराला 'कोल्हा, कारण धूर्त' असं देऊ नका. सावकार कसा बसतो, तिजोरीकडे कसा वळतो, ते आधी काढा. त्या बैठकीतून घोरपड निघेल किंवा साळिंदर निघेल. बातमीदाराला आपलं मुंगूस आहेच. फौजदाराला तरस चालेल: पुढून उंच, मागून उतरता, त्यामुळे गणवेश कसा बसेल हा चांगला प्रश्न तयार होतो. मालकिणीला भारद्वाज बघा. विटकरी पंख, लाल डोळा, जमिनीवरून दमदार चाल. पण पक्षी घेतलात तर बोलणारी चोच आणि हात ही दोन्ही कामं वाढतात, वेळेचा हिशेब करून घ्या.

एक गंभीर गोष्ट. दुसऱ्या भागात पांढऱ्या केसांचे प्राणी एकत्र येऊन वंशद्वेषाची टोळी करतात, म्हणजे तिथे केसांचा रंग जाणूनबुजून वर्णाचा अर्थ घेऊन येतो. आपल्याकडे पेठ, आडनाव आणि प्राणी एकत्र आले की वाचणारा त्यात जात वाचणारच. ते हवं असेल तर पूर्ण जबाबदारीने करा. नको असेल तर एका आडनावाच्या घरात एकच जातीचा प्राणी ठेवू नका.

निरीक्षणाला कात्रजचं राजीव गांधी प्राणी उद्यान, बुधवार सोडून. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी सगळे झोपलेले असतात. डोकी काढत बसू नका. उठतानाचं, वळतानाचं, खांदा आधी हलतो की मान, हे वीस-वीस सेकंदांच्या रेघांत पकडा. ॲनिमेशनवाल्यांचा हा रोजचा रियाज असतो आणि ग्वार्निदोंची बसलेली पात्रंसुद्धा आत्ता उठतील असं वाटतं ते त्यामुळेच.

---

जुनी_शाई

वाड्याच्या प्रसंगाबद्दल राहून गेलं. वाड्याचा चौक हा तयार न्वारचा सेट आहे, वेगळा दिवा लावायची गरज नाही. उजेड फक्त वरून, चौकात पडतो. ओसरी त्याच्या मागे एकदम काळोखात जाते, आणि मधे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब उभे, अर्धे उजेडात अर्धे नाहीत. पात्र ओसरीत उभं करा आणि फक्त पाय चौकाच्या उजेडात येऊ द्या. किंवा पात्र खांबामागे, आणि फरशीवरून वर उडालेला उजेड हनुवटीखाली. फरशीचा हा परतीचा उजेड यलो ऑकरचा चहाएवढा वॉश, सगळ्यांत आधी द्यायचा. शेवटी द्यायला गेलात तर गडद सावली उचकटते आणि पुन्हा मळ.

खांबांची नक्षी फक्त उजेडातल्या अर्ध्यावर काढा. सावलीत एकही रेघ नको. विश्रामबाग वाड्यात सकाळी दहाच्या सुमारास जाऊन तीन छटांत काढून बघा.

गर्दीसाठी मात्र 'ब्लॅकसॅड'पेक्षा 'ले झँद फूर्ब' बघा. मंडईच्या पानाला तेच उपयोगी पडेल. पुढची दोन-तीन माणसं पूर्ण, मधली फक्त आकार आणि कपड्याचा रंग, मागची एकाच वॉशमध्ये कापलेली. मंडईचा मधला मनोरा आणि छप्पर फिकट ठेवा, म्हणजे खालचे दिवे पेटलेले दिसतील.

---

छापखाना_शनिवार

छपाईचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

संवादांचे फुगे आधी ठरवा. मजकूर टिपणाच्या पायरीलाच लिहून चौकटीत बसवून बघा, रंगवून झाल्यावर नाही. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींतलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त लागतं आणि फुगा उंच होतो. फ्रेंच पानावरच्या फुग्याचं माप उचललंत तर दुसऱ्या ओळीचा मात्रा पहिल्या ओळीच्या उकारात जाईल. अक्षराच्या उंचीच्या निदान दीडपट ओळ धरा. मजकूर मूळ चित्रावर लिहू नका, स्कॅनवर वेगळ्या लेअरमध्ये टाका. चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ जलरंगातून पुसता येत नाही.

३६ × ४८चं पान ए-३ स्कॅनरवर मावत नाही. दोन भागांत करा, किमान पाच सेंमी एकमेकांवर येऊ द्या, ४०० डीपीआय. दोन्ही वेळा कागदाची दिशा तीच ठेवा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, त्यामुळे कागदाच्या दाण्याची सावली एका भागात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे पडली तर जोड लपत नाही. स्कॅनरची स्वयंचलित सुधारणा बंद ठेवा. ती कागदाचा पांढरा ओढून आणखी पांढरा करते आणि त्याबरोबर चहाएवढे फिकट वॉश उडवते.

अल्ट्रामरीनची रात्र चार रंगांच्या छपाईत जांभळट पडते. सगळं पान पडद्यावर निळं करत बसू नका. आठातल्या सर्वांत गडद पानाचा एक पट्टा, दहा सेंमी रुंद, त्याच कागदावर, त्याच यंत्रावर छापून घ्या. निळ्यात किरमिजी किती जास्त येतोय ते त्यावर मोजा आणि तेवढाच सगळ्या पानांतून कमी करा. सावलीतले तपशील त्या पट्ट्यावर बंद झाले असतील तर फाइलमध्ये गडद भाग थोडा उघडा, मूळ चित्राला हात लावू नका. पट्टा दिवसाउजेडी, खिडकीपाशी बघा. छापखान्यातल्या ट्यूबखाली निळा खोटा दिसतो.